त्रेचाळिसावं कार्ड

‘सेट’ हा शब्द माझ्या गळ्यात पडला, कारण कचेरीत तो दुसऱ्या कुणालाच नको होता.

कचेरी म्हणजे इंग्रजी-मराठी कोशाची. चौथा मजला, लिफ्ट कायमची बंद, आत भिंतीला लागून लोखंडी कपाटं, कपाटांत लाकडी खण आणि खणांत पोस्टकार्डाएवढी कार्डं. एका अर्थाला एक कार्ड. मी नववी नापास. कार्डं अक्षरवारीनं खणांत घालायच्या कामाला लागलो आणि घालता घालता वाचत गेलो. सात वर्षांत मी जेवढं वाचलं, तेवढं तिथल्या पदवीवाल्यांनी वाचलं असेल तर मी मिशी उतरवीन. पण पगारपत्रकात मी ‘कार्डं लावणारा’ आणि ते ‘संपादन विभाग’.

एस अक्षराचा खंड कामाला घेतला तेव्हा सगळ्यांनी आपापले शब्द उचलले. कुणी समाजशास्त्रातले घेतले, कुणी समुद्रातले. सेटकडं कुणी बघेना. आमच्या उपसंपादकाला मी मनातल्या मनात स्वल्पविराम म्हणतो, कारण दर तीन शब्दांनंतर तो थांबतो. तो म्हणाला, “हे बघा, असं आहे, की तो शब्द, जरा किचकट आहे, तर कार्डं जमवण्यापुरतं, तुम्ही बघा.”

म्हणजे मेहनत माझी, सही त्याची. बरं म्हटलं. शब्द तर हातात आला.

आणि मग त्या शब्दानं मला जो पिदवला, त्याला तोड नाही. इंग्रजीत तीन अक्षरांचा शब्द, पण जाईल तिथं वेगळ्याच घरचा निघतो. गवंडी म्हणतो सिमेंट सेट झालं, म्हणजे घट्ट झालं. घड्याळजी म्हणतो काटा सेट केला, म्हणजे हलवला. एकाच्या सेटमध्ये वस्तू थांबते, दुसऱ्याच्या सेटमध्ये सरकते. दवाखान्यातली नर्स सलाइनच्या नळीला सेट म्हणते. नाटकवाला खोट्या भिंतीला सेट म्हणतो. टेनिसवाल्याचा सेट संपतो, गणितवाल्याचा सेट रिकामा असला तरी सेटच राहतो. सोनार खडा सेट करतो, हाडवैद्य हाड. सूर्य मावळतो तोही सेट. केस कुरळे केले तरी सेट, काचेचे सहा पेले मिळून एक सेट. आणि माझा मेव्हणा दर भेटीत विचारतो, “काय पाव्हणं, झालात का सेट?” तो आणखी वेगळा सेट. त्यात पगार, घर आणि माझी लायकी असं सगळं एकदम येतं.

यात काही नातं असेल म्हणून मी महिनाभर डोकं फोडलं. शेवटी मुख्य संपादक मॅडमनी सांगितलं की निदान दोन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत, एक ‘बसवणे’ या घरातला आणि दुसरा ‘टोळी, पंथ’ या घरातला, आणि वापरून वापरून दोघांचे चेहरे सारखे झालेत. मी म्हटलं, “मॅडम, मग हे आधी सांगायचं ना!” त्या म्हणाल्या, “तुम्ही आधी विचारलंत का?”

बाई तोडून बोलतात, पण खोटं बोलत नाहीत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्यावर भरपूर तोंड टाकणार आहे.

बेचाळीस कार्डं झाली. त्रेचाळिसावं माझ्या बापाचं.

आमचे बाबा करवतींना धार लावतात. गल्लीच्या टोकाला टपरीएवढी जागा, त्यात एक बाक, बाकाला करवत आवळून धरणारा लाकडी शेगडा, शेगड्यात उलटी धरलेली करवत आणि बाबांच्या हातात तिकोनी कानस. चोपन्न वर्षं तो कर्र-कर्र आवाज ऐकून त्यांचा उजवा कान गेला. आता डाव्या कानानं ऐकतात, तेही सोयीचं तेवढंच. धंदा संपलाय. लोक करवत बोथट झाली की फेकतात आणि नवी आणतात. जागेच्या मालकानं पुढच्या महिनाअखेरीला जागा सोडायला सांगितली होती, त्याला तिथं मोबाइलची काच बदलणारा बसवायचा होता.

एका सकाळी मी त्यांना डबा द्यायला गेलो, तर मान वर न करता म्हणाले, “काय रे, त्या सेटचं चाललंय म्हणे तुझं. आमचा सेट लिहिलास का?”

“तुमचा कुठला?”

त्यांनी कानस खाली ठेवली. माझ्याकडं असं बघितलं, की आपला मुलगा बदलला गेला होता का, असा संशय यावा.

“जन्म गेला माझ्या बाकाखाली खेळण्यात, आणि कुठला म्हणतोस? अरे, करवतीचा! दात एक डावीकडं, एक उजवीकडं, एक डावीकडं, एक उजवीकडं असे जरासे वाकवायचे. तो सेट. धार नुसती कानशीनं कुणीही लावेल. सेट देता आला तर कारागीर.”

“तो कशाला लागतो?”

“कशाला लागतो?” त्यांनी कपाळाला हात लावला. “हा पुस्तकं लिहितो आणि विचारतो कशाला लागतो! दात सरळ ठेवले तर काप पात्याएवढाच पडतो. मग पातं लाकडात आवळतं. दात फाकवले की काप रुंद पडतो, पातं मोकळं फिरतं. आलं का ध्यानात? लिही.”

मी तिथंच डब्याच्या पिशवीवर लिहून घेतलं. दुपारपर्यंत बाबांनी शेजारचा शिंपी, समोरचा पंक्चरवाला आणि माझी बायको अशा तिघांना सांगून टाकलं, की आपलं काम कोशात येतंय. बायको मला म्हणाली, “आलं नाही तर काय करणार हो? दुकान जातंय. म्हाताऱ्याकडं आता एवढंच उरलंय सांगायला.”

मी म्हटलं, “न यायला काय झालं?”

काय झालं ते ऐका.

स्वल्पविरामानं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. “दाखला?”

“बाप.”

“नाही, म्हणजे, छापील दाखला. पुस्तक, पान, ओळ.”

“माझा बाप छापील नाही. आईनं जसा सांभाळला तसा आहे.”

तो हसला नाही. आमच्या कोशाचा नियम असा, की छापील दाखल्याशिवाय एकही अर्थ आत जात नाही. जुन्या आवृत्तीतला अर्थसुद्धा नवीन आवृत्तीत घ्यायचा तर नवा छापील दाखला शोधावा लागतो, नाहीतर तो गळतो. माणसानं तोंडानं सांगितलेलं चालत नाही. चोपन्न वर्षं एखादा माणूस एखादा शब्द हातानं रोज करत असला तरी चालत नाही. पण कुणा रिकामटेकड्यानं घरी बसून एकदा लिहिला आणि छापला, की चालतो.

मी दाखला शोधायला लागलो. जवळजवळ तीन आठवडे. हत्यारांच्या दुकानांतून किमतीच्या याद्या मागून आणल्या. त्यांत करवतीची लांबी होती, मुठीचा रंग होता, सेट नव्हता. एका दुकानदारानं मला विचारलं, “घ्यायचं काहीच नाही, मग वाचताय काय?” जुन्या पुस्तकांच्या ढिगात गुडघ्यांवर बसून धूळ खाल्ली. शेवटी सार्वजनिक वाचनालयात, सगळ्यांत खालच्या फळीवर, सुतारकाम शिकवणाऱ्या शाळांसाठी काढलेलं एक क्रमिक पुस्तक सापडलं. पान त्रेसष्ट. वर ठळक अक्षरांत ‘करवतीचा सेट’, खाली शेगड्यात धरलेल्या करवतीचं चित्र, अगदी आमच्या बाबांच्या शेगड्यासारखं.

मी तिथंच ओरडलो. वाचनालयाच्या बाईंनी बोट ओठावर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं घड्याळ दाखवलं. बंद व्हायला दहा मिनिटं होती, आणि झेरॉक्सवाला मशीनवर आच्छादन घालायच्या बेतात होता. मी पानाची झेरॉक्स काढली, कार्डाला टाचली, पळत कचेरी गाठली आणि स्वल्पविरामाच्या टेबलावर आपटली.

“हा घ्या छापील बाप.”

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडं कार्डं जमवणारा अर्थ लिहीत नाही. तो शब्द, पुस्तक, पान एवढं देतो. अर्थ पुढं संपादन विभाग दाखल्यावरून तयार करतो. सात वर्षांची सवय. मी मथळा बघितला, चित्र बघितलं, पानाचा आकडा उतरवला. चित्राखालच्या ओळी वाचल्याच नाहीत. ज्या माणसानं हाताखालून गेलेलं प्रत्येक कार्ड वाचलं, त्यानं आपल्या बापाचं वाचलं नाही.

पंधरा दिवसांनी मुद्रितं आली. मी सेट काढला. त्रेचाळिसावा अर्थ होता: ‘(सुतारकाम) करवतीच्या दातांना कानशीने धार लावणे.’

मला आधी वाटलं, छापखान्याची चूक. झेरॉक्स काढून बघितली. तिथंही तेच. पुस्तक लिहिणाऱ्यानं जन्मात करवत धरली नव्हती.

मुद्रित घरी न्यायला बंदी आहे. मी नेलं. बाबांनी शिंप्याला हाक मारून बोलावलं, पंक्चरवाल्याला बोलावलं, भिंग काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘धार लावणे’ वर आवाज थांबला. पुन्हा वाचलं. मग भिंग पुसून पुन्हा.

“हे काय?”

“बाबा, ते पुस्तकात तसं…”

“मी तुला धार सांगितली होती? पिशवीवर काय लिहून घेतलं होतंस?”

“सेटच लिहिला होता.”

“मग ही धार आली कुठून? धार तर न्हावीही लावतो!”

पंक्चरवाला समजूत घालायला गेला, “जाऊ द्या काका, नाव तर आलं ना करवतीचं.”

“तू गप बस,” बाबा म्हणाले. “उद्या कुणी लिहिलं की पंक्चर काढणं म्हणजे हवा भरणं, तर चालेल का तुला?”

नाही चालणार, हे पंक्चरवाल्याच्या तोंडावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वल्पविरामाला टाळून सरळ मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो. “अर्थ चुकलाय. बदला.”

त्यांनी झेरॉक्स वाचली. “दाखल्यात असंच आहे.”

“दाखला चुकलाय.”

“दुसरा दाखला आणा.”

“दुसरा नाहीच!”

“मग मी कशाच्या जोरावर बदलू?”

“माझ्या बापाच्या!”

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी वाचनालयातून ते पुस्तक मागवून घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. संदर्भग्रंथांची यादी होती, पाचच पुस्तकं, आणि चौथं आमचा कोश. जुनी आवृत्ती.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी कपाटाकडं गेलो. कुठलं कार्ड कुठं आहे हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. जुन्या आवृत्तीच्या खणातून पिवळं पडलेलं कार्ड काढलं. ‘सेट, करवतीचा: धार लावणे.’ दाखल्याची जागा कोरी. कोपऱ्यात कोशाच्या पहिल्या संपादकांच्या सहीची दोन अक्षरं. झालं. कधीकाळी एका मोठ्या माणसानं खुर्चीत बसून मनानं लिहिलं. त्याला कोण विचारणार, दाखला? ते शाळेच्या पुस्तकवाल्यानं उचललं. शाळेच्या पुस्तकातून मी उचललं आणि पुन्हा कोशात आणून ठेवलं. आणि कार्डावर पेन्सिलीनं, मॅडमच्याच अक्षरात, लिहिलं होतं: ‘नवा दाखला नाही. गाळावा.’

म्हणजे ती चूक आपल्या मरणानं मरत होती. मी तिला तोंडात पाणी घालून उठवली.

मी त्या दिवशी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. ‘सहीवाला बोलला तर शब्द आणि बिनसहीवाला बोलला तर बडबड’ हे त्यातलं सौम्य वाक्य. सगळी कचेरी माना खाली घालून कार्डं चाळत होती. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “शुक्रवारी दुपारी खंड छापखान्यात जातो. तुमच्या वडिलांना उद्या इथं यायला जमेल?”

बाबा चार मजले चढून आले. दर मजल्यावर बसले, पण करवतींची पिशवी मला धरू दिली नाही. दोन करवती होत्या. तोडायला लाकूड लागणार म्हणून मी एका मोडक्या खणाची बाजू काढून ठेवली होती. कचेरीतले सगळे गोल करून उभे राहिले.

बाबांनी पहिली करवत मॅडमना दिली. “बोट लावून बघा, बाई. धार कशी आहे?”

मॅडमनी बोट टेकवलं. “चांगलीच आहे.”

“काल रात्रभर नाही, पण संध्याकाळभर घासलीय. तुमच्या पुस्तकाप्रमाणं हिचं काम झालं. कापा.”

मॅडमनी पदर खोचला आणि कापायला लागल्या. दोन बोटं करवत आत गेली. तिसऱ्या बोटाला आवळली. त्यांनी ओढली, ढकलली, हलेना. स्वल्पविराम पुढं आला, “मी, जरा, बघतो,” त्यानं जोर लावला, तर खणाची फळी करवतीसकट उचलली गेली आणि त्याच्या पोटात बसली. आमच्या टायपिस्ट बाईंना हसू आवरेना.

“आता ही,” बाबा म्हणाले. “धार तीच. फक्त हिला सेट दिलाय.”

दुसरी करवत लोण्यातून गेल्यासारखी आरपार गेली. तुकडा खाली पडला. बाबांनी पातं कापात घालून हलवून दाखवलं, दोन्ही बाजूंना जागा होती. मॅडमनी वाकून त्या फटीत नख घालून बघितलं.

“समजलं,” त्या म्हणाल्या. “तुमचं बरोबर, आमचं चूक.”

बाबांचा चेहरा फुलला. मलाही वाटलं, जिंकलो.

“पण काका,” त्या पुढं म्हणाल्या, “मी हे छापू शकत नाही.”

“आत्ता बघितलंत ना डोळ्यांनी?”

“मी बघितलेलं दाखला होत नाही. आज तुमचं घेतलं तर उद्या कुणी येऊन काहीही सांगेल, तेही घ्यावं लागेल. पहिल्या संपादकांनी तेच केलं. स्वतःवर विश्वास ठेवला. त्याचं काय झालं ते हे लाकडात अडकलंय.”

मला चीड आली ती यासाठी, की बाईंचं म्हणणं खोडता येईना. सात वर्षांत मी हजार चुका पकडल्या, त्या सगळ्या याच नियमानं पकडल्या होत्या. ज्या काठीनं मी दुसऱ्यांना झोडत आलो, तीच माझ्या पाठीत बसली, आणि ती काठी वाईट म्हणायची सोय नाही.

“मग काय होणार?” बाबांनी विचारलं.

“दोनच गोष्टी. आहे तसं छापलं जाईल. किंवा ज्यानं कार्ड दिलं तो ते मागं घेऊ शकतो, खंडावर सही होईपर्यंत. मग करवतीचा अर्थच राहणार नाही. पुढं दाखला मिळाला तर पुरवणीत घेऊ.”

“पुरवणी कधी निघते?”

“मागची अकरा वर्षांनी निघाली.”

“अकरा वर्षं मी काय कानस चाटत बसू?”

बाबा खुर्चीत बसले. अडकलेली करवत त्यांनी मांडीवर घेतली आणि फळी हलकेच पिरगळून ती मोकळी करायला लागले. घाईनं नाही, रोज करतात तशी. मला कळत होतं ते काय मोजतायत. शिंपी, पंक्चरवाला, सून. महिनाअखेरीला उतरणारी पाटी. कोशात करवत आहे एवढं तरी सांगता येईल, आत काय लिहिलंय ते कोण उघडून बघतं?

करवत सुटली. त्यांनी दातांवरचा भुसा फुंकला.

“काढ,” ते मला म्हणाले.

“बाबा, काहीच राहणार नाही.”

“नाही राहिलं तर नाही राहिलं. कुणी पोरगी-पोरगा हे पुस्तक वाचून करवत घासेल. ती अडकेल. मग म्हणेल, जुने कारागीर असलंच शिकवून गेले. शिव्या कुणाला? काढ म्हटलं ना.”

मी कार्ड मागं घेतल्याचा अर्ज लिहिला. मॅडमनी सही केली, स्वल्पविरामानं केली, त्याच्या सहीतही टिंबं आहेत. शुक्रवारी खंड गेला. त्यात सेटचे बेचाळीस अर्थ आहेत, गणिताचा आहे, नाटकाचा आहे, माझ्या मेव्हण्याचा आहे. आमचा नाही.

मी जिन्यात बाबांच्या मागं उतरत होतो तेव्हा मॅडम वरच्या कठड्याशी आल्या. “ऐका,” त्या म्हणाल्या, “नियमात छापील म्हटलंय. कुणी लिहिलेलं, कुठं छापलेलं, ते म्हटलेलं नाही. पानाला आकडा असला की पुरे. आणि या वेळी छापण्याआधी जाणकाराला दाखवा.” आणि आत गेल्या.

म्हणून हे लिहिलं. मला गोष्टी लिहायची हौस नाही, राग फार आहे एवढंच. छापायला धाडण्याआधी बाबांना त्यांच्या डाव्या कानाशी बसून सगळं वाचून दाखवलं. टपरी आता रिकामी झालीय, शेगडा आमच्या जेवणाच्या टेबलाला आवळलाय, बायको रोज त्याला शिव्या देत त्याच्याभोवती ताटं मांडते. बाबांनी मध्ये कुठंच अडवलं नाही. त्यांना न्हाव्याचं वाक्य आवडलं. मग मी अर्थ वाचला:

सेट: लाकूड कापताना पातं आवळू नये म्हणून करवतीचे दात आळीपाळीनं एक डावीकडं व एक उजवीकडं वाकवणं.

“किती वाकवणं?” बाबांनी विचारलं.

“म्हणजे?”

“मुळापासून वाकवलास तर दात मोडतो. वरचा अर्धाच वाकवायचा, आणि तोही जरासा. ते कुठं लिहिलंस? पुन्हा तेच करतोयस! आण इकडं पेन.”

सेट: लाकूड कापताना पातं आवळू नये म्हणून करवतीच्या दातांचा वरचा अर्धा भाग आळीपाळीनं एक डावीकडं व एक उजवीकडं किंचित वाकवणं. धार लावणं नव्हे.

शेवटचे तीन शब्द त्यांनी स्वतः लिहिले.